डॉक्टर कुणाला समजावून सांगतात आणि कुणाला नुसतं सांगतात?

मृण्मयी_ठाणे

आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या ताईंना पित्ताशयात खडे निघाले. एका धर्मादाय रुग्णालयात त्या एकट्याच दाखवून आल्या. तिथून त्यांना कळलं ते एवढंच: "खडा आहे, ऑपरेशन लागेल, पैशाची सोय करून या." मग त्यांनी रोज सकाळी पानफुटीची पानं चावून खायला सुरुवात केली. कुळथाचं कढण, वर तांब्याच्या तांब्या पाणी. खडा लघवीवाटे पडून जाईल या भरवशावर. मूतखडा वेगळा आणि पित्ताचा खडा वेगळा, पित्ताशयातून लघवीकडे वाटच नाही, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. तळलेलं खाल्लं की बरगडीखाली उजवीकडे रात्रभर कळा यायच्या, पण तेलकट टाळा असंही कुणी बोललं नव्हतं.

पुढच्या खेपेला मी सोबत गेले. डॉक्टरांनी मला खुर्ची दिली, ताई उभ्याच. बोलणं सगळं माझ्याशी, अर्धं इंग्रजीत. डॉक्टर वाईट नव्हते. दुर्बिणीने करू, छोटी छिद्रं पाडू, बहुतेक लोक दुसऱ्या दिवशी घरी जातात, पित्ताशय काढलं तरी पित्त यकृतातून थेट आतड्यात उतरत राहतं त्यामुळे माणूस व्यवस्थित जगतो, हे सगळं त्यांनी पाच मिनिटांत इतकं छान सांगितलं की मला एकही शंका उरली नाही. मी म्हटलं, "डॉक्टर, हेच त्यांना सांगाल का?" तर म्हणाले, "तुम्ही सांगा ना घरी गेल्यावर." दुखणं त्यांचं, पोट त्यांचं आणि माहिती मला!

माझ्या दिरांना हेच झालं होतं तेव्हा त्यांच्या सर्जननी कागदावर यकृत, पित्ताशय, नळी असं काढून दाखवलं होतं. खडा नळीत सरकला तर कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज येऊ शकते, म्हणून फार थांबू नका, हेही सांगितलं. दिरांनी यातलं काही विचारलं नव्हतं.

हे नेमकं कशावर ठरतं? पैशावर, शिक्षणावर, की विचारणाऱ्यावर? अनुभव लिहा. रुग्णालयांची आणि डॉक्टरांची नावं कृपया नकोत.

रातपाळी

मी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात मेडिसिनला निवासी डॉक्टर आहे, म्हणून दुसरी बाजू लिहिते. सोमवारी आमच्या युनिटची ओपीडी. दारात रेटारेटी, टेबलावर केसपेपरचा ढीग, मधेच वॉर्डातून फोन, मधेच कॅज्युअल्टीचा कॉल. दीडशेच्या वर पेशंट आणि आम्ही तिघं-चौघं. २०१७ साली बीएमजे ओपनमध्ये ६७ देशांतली माहिती एकत्र करून एक शोधनिबंध आला होता. डॉक्टर एका पेशंटला सरासरी किती वेळ देतो? बांगलादेशात ४८ सेकंद, स्वीडनमध्ये साडेबावीस मिनिटं. भारत दोन मिनिटांच्या आसपास. या दोन मिनिटांत विचारायचं, तपासायचं, लिहायचं. मी एकाला समजावत बसले तर रांगेतल्या शेवटच्या म्हातारीची एसटी चुकते आणि तिला रात्र आवारात काढावी लागते. गरिबाला कमी सांगायचं असं आम्ही ठरवलेलं नसतं.

सोनकी

रातपाळी, तुमच्या कामाबद्दल आदर आहे. पण वेळ भरपूर असलेल्या ठिकाणीही स्पष्ट सांगतातच असं नाही. वडील मोठ्या कॉर्पोरेट रुग्णालयात होते. हृदयाचे वेगळे, किडनीचे वेगळे, मेंदूचे वेगळे डॉक्टर. प्रत्येक जण राऊंडला येऊन आपापल्या अवयवाचं सांगायचा, सौजन्याने, खाली बसून. पण एकत्रित चित्र काय, बाबा घरी येणार का, हे शेवटपर्यंत एकानेही सांगितलं नाही. शब्द खूप मिळाले. त्याआधी प्रवेशालाच पहिला प्रश्न होता, "मेडिक्लेम किती लाखांचा?"

आणि बाबांना स्वतःला तर कुणी काहीच सांगत नव्हतं. सगळं भावाला बाहेर बोलावून. आम्हीही घरचे "त्यांना सांगू नका" म्हणणारेच होतो. तेव्हा पैसा आहे म्हणून पेशंटला कळतं असं नाही, पैसे भरणाऱ्याला कळतं.

पांढराचाफा

सोनकी, तुमचं शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं आहे, आणि त्याला पुरावा आहे.

२०१६ साली अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यूमध्ये जिष्णू दास, कार्तिक मुरलीधरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा मध्य प्रदेशातल्या ग्रामीण भागावरचा अभ्यास आला. त्यांनी गावातल्याच माणसांना प्रशिक्षण देऊन रुग्ण म्हणून पाठवलं. तक्रारी ठरलेल्या: एकाला छातीत दुखतंय, एकाला दम्याचा त्रास, एकाच्या घरी मुलाला रक्ताची हगवण लागलीय. डॉक्टरांना अर्थातच ठाऊक नव्हतं हा कोण. त्यातला आपल्या कामाचा भाग असा की सरकारी नोकरी सांभाळून खाजगी दवाखाना चालवणारे काही डॉक्टर त्यात होते. अशा एकाच डॉक्टरकडे हे रुग्ण दोन्ही ठिकाणी गेले. पदवी तीच, ज्ञान तेवढंच, रुग्णाचे कपडे, बोली, तक्रार, सगळं सारखं. तरी खाजगी दवाखान्यात त्याच डॉक्टरांनी जास्त वेळ दिला, जास्त प्रश्न विचारले आणि उपचारही बरोबर निघण्याचं प्रमाण जास्त होतं.

यात रुग्णाचं उत्पन्न बदललंच नव्हतं. बदललं ते एवढंच की खाजगीत फी त्याच्या हातून डॉक्टरच्या हातात जात होती. तेव्हा "अडाणी आहेत, त्यांना काय कळणार" हे कारण मला पटत नाही. तोच माणूस दुपारी अडाणी आणि संध्याकाळी शहाणा होत नाही.

रातपाळी, हे तुमच्यावर नाही. तुम्ही लिहिलीय ती गर्दी मी पाहिली आहे.

रातपाळी

कळलं. आणि गर्दी नसताना काय होतं हेही प्रामाणिकपणे लिहायला हवं. रात्री वॉर्ड शांत असतो तेव्हाही सांगणं होत नाहीच फारसं, कारण ते आम्हाला काम म्हणून कुणी शिकवलं नाही. राऊंडला सर विचारतात पोटॅशियम किती, ईसीजीत काय दिसतं. "पेशंटला काय सांगितलंस आणि तो काय समजला?" हे मला एकदाही कुणी विचारलेलं नाही. २०१९ पासून एमबीबीएसच्या नव्या अभ्यासक्रमात वर्तन, नीतिमत्ता आणि संवाद यांचा वेगळा भाग आला आहे, त्याला एटकॉम म्हणतात. माझ्यानंतरच्या मुलांनी तो केला आहे. वर्गात नाटुकली करून शिकवतात. पण वॉर्डात आल्यावर ती मुलं आमच्याकडे बघूनच वागतात.

औषधवाला

तालुक्याच्या गावी मेडिकल दुकान आहे. डॉक्टरांनी न सांगितलेलं सगळं आमच्या काउंटरवर येतं. कागद पुढे करून लोक हळूच विचारतात, "हे कशाचं आहे हो?" स्वतःच्या आजाराचं नाव ते दुकानदाराला विचारत असतात.

रोज दिसणाऱ्या काही गोष्टी लिहितो.

बीपीची गोळी. पंधरा दिवसांची लिहून दिली, पट्टी संपली, माणसाला वाटतं कोर्स झाला. परत येतो तो थेट तोंड वाकडं झाल्यावर. "ही गोळी आता रोजची, बरं वाटलं तरी चालू ठेवायची, संपायच्या आधी परत यायचं" एवढं सांगायला किती वेळ लागतो?

टीबी. रिफाम्पिसिनने लघवी लालसर-केशरी होते. औषधाचाच रंग तो, त्यात धोका काही नाही. पण आधी सांगितलं नसेल तर माणसाला वाटतं रक्त पडतंय, आणि तो घाबरून गोळ्या बंद करतो. निम्म्यात सोडलेला टीबी औषधाला दाद देईनासा होतो.

सगळ्यात भीतीदायक म्हणजे संधिवाताची मेथोट्रेक्सेट. आठवड्यातून एकदाच घ्यायची. रोज घेतली तर रक्तपेशी झपाट्याने कमी होतात, माणूस दगावू शकतो. शहरातल्या मोठ्या डॉक्टरांचा छापील कागद येतो त्यावर वार लिहिलेला असतो, खाली मोबाईल नंबर असतो. गर्दीच्या दवाखान्यातून येतो तो चिठोरा, त्यावर नुसतं नाव आणि इंग्रजी दोन अक्षरं. मी पुडीवर मोठ्या अक्षरात "फक्त रविवारी" असं लिहितो आणि घरच्या माणसालाही वाचून दाखवतो.

पंप (इन्हेलर) कसा ओढायचा हे दाखवल्याशिवाय कळूच शकत नाही. पैसेवाल्या पेशंटला कंपनीचा मुलगा घरी जाऊन दाखवतो. बाकीचे जिभेवर फवारतात आणि म्हणतात, पंपाचा उपयोग नाही.

आंबेगावकर

औषधवाले, फार मोलाचं लिहिलंत. माझ्या आईची बीपीची गोळी अशीच थांबली होती.

बालाघाट

मी बीड जिल्ह्यातला. आमच्याकडे हा विषय सुरू झाला की बायांच्या पिशवीच्या ऑपरेशनपाशीच येतो, तेव्हा तेच लिहितो.

२०१९ मध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधान परिषदेत आकडा दिला होता. तीन वर्षांत बीड जिल्ह्यातल्या ९९ खाजगी रुग्णालयांत गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया. त्यात ऊसतोडीला जाणाऱ्या बाया मोठ्या संख्येने. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि पुढे खाजगी रुग्णालयांना असं ऑपरेशन करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं सक्तीचं झालं.

बातम्यांत जास्त बोललं गेलं ते मुकादमाबद्दल. पाळीत खाडा पडला की दंड, म्हणून बाया पिशवीच काढून घेतात, असं. ते आहेच. नवरा-बायको मिळून एक कोयता, एकाने बसून राहिलं की दोघांची मजुरी कापली जाते. पण दवाखान्याच्या खोलीत काय बोललं जातं ते मी चुलत बहिणीसोबत जाऊन ऐकलं आहे. ती पस्तिशीचीही नव्हती. अंगावरून पांढरं जायचं, ओटीपोटात दुखायचं. फडावर पाणी नाही, संडास नाही, ओलं-सुकं फडकं वापरायचं, जंतुसंसर्ग होणारच. डॉक्टरांनी सोनोग्राफी केली आणि मशीनकडे बघतच म्हणाले, "पिशवीला सूज आहे. आज ना उद्या कॅन्सर होईल. लेकरं झाली ना? मग कशाला ठेवता?"

झालं. गोळ्यांनी बरं होऊ शकतं का, नाही. पिशवीबरोबर अंडाशयही काढणार का, नाही. काढल्यावर अंगाची आग होईल, हाडं ठिसूळ होतील, म्हातारपण पंधरा वर्षं आधी येईल, नाही. कॅन्सर हा एकच शब्द तिला स्वच्छ ऐकू आला. मुकादमाकडून उचल घेतली, ऑपरेशन झालं. आता तिला मोळी डोक्यावर घेऊन ट्रॅक्टरवर चढवत नाही आणि उचल अजून फिटायची आहे.

तेव्हा डॉक्टर गरिबाशी अस्पष्ट बोलतात हे अर्धंच खरं. जिथे घाबरवायचं असतं तिथे अगदी स्पष्ट बोलतात.

पांढराचाफा

बालाघाट, हे वाचून काय लिहावं कळत नाही. बहिणीला अंडाशय काढली आहेत की नाही हे डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं असेल, ते एकदा सरकारी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा. कॅल्शियम वगैरे सुरू करता येतं.

अनुच्छेद२१

वकील आहे. बालाघाट यांनी लिहिलं त्यावर सर्वोच्च न्यायालयाचा थेट निकाल आहे, १६ जानेवारी २००८ चा, समीरा कोहली प्रकरणातला. रुग्ण अविवाहित, वय ४४, अतिरक्तस्रावाची तक्रार. दुर्बिणीने तपासणी करायला म्हणून भूल दिली. ती बेशुद्ध असताना डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या आईची संमती घेतली आणि गर्भाशय, अंडाशय काढून टाकली. न्यायालयाने म्हटलं की रुग्ण सज्ञान होती, तातडीचा जीवघेणा धोका नव्हता, शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं. तपासणीला दिलेली संमती म्हणजे शस्त्रक्रियेला दिलेली संमती नव्हे. आणि संमती खरी धरायची तर रुग्णाला आधी सांगायला हवं: काय करणार, कशासाठी, त्रास काय होऊ शकतो, दुसरा उपाय आहे का, आणि उपचार घेतलेच नाहीत तर काय होईल. बालाघाट यांच्या बहिणीला यातलं फक्त शेवटचं सांगितलं गेलं, तेही वाढवून.

"फुकटात उपचार घेतोय, मग हक्काने कसं विचारणार?" असं अनेक जण म्हणतात. १९९५ च्या व्ही. पी. शांता निकालापासून स्थिती अशी आहे की ज्या रुग्णालयात काहींकडून पैसे घेतात आणि काहींवर मोफत उपचार करतात, तिथला मोफत रुग्णही ग्राहक संरक्षण कायद्याखाली ग्राहकच धरला जातो.

मृण्मयीताई, तुमच्या ताईंबद्दल एक महत्त्वाचं. धर्मादाय रुग्णालय असेल तर सार्वजनिक विश्वस्त कायद्याच्या ४१कक कलमाखाली १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. "पैशाची सोय करून या" म्हणण्याआधी हे सांगायला हवं होतं. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला किंवा रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जा. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत हे ऑपरेशन त्या रुग्णालयात बसतं का, हे तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला विचारा.

मृण्मयी_ठाणे

हे आम्हाला खरंच कुणीच सांगितलं नव्हतं. रेशनकार्ड आहे त्यांचं. उद्याच ताईंबरोबर जाते, आणि या वेळी त्यांनाच बोलू देईन.

डॉ_गावकुस

तालुक्यात जनरल प्रॅक्टिस करतो. मनापासून लिहितोय, माझ्या व्यवसायबंधूंना राग आला तरी चालेल.

२००५ साली बेल्जियममधल्या संशोधकांनी रुग्णाची आर्थिक-सामाजिक स्थिती आणि डॉक्टरचं बोलणं यावर तोवर झालेले अभ्यास एकत्र तपासले होते. चित्र सगळीकडे साधारण एकच. खालच्या थरातल्या रुग्णाला डॉक्टर सूचना जास्त देतात, आस्थेचं कमी बोलतात, निर्णयात कमी सहभागी करून घेतात. आणि दुसरीकडे, वरच्या थरातला रुग्ण प्रश्न विचारतो, मत मांडतो, म्हणून त्याला आणखी माहिती मिळते. म्हणजे हे दोन्ही बाजूंनी वाढत जातं. माझ्याकडे शिक्षक येतात ते तीन प्रश्न लिहून आणतात. शेतमजूर बाई येते ती म्हणते, "तुम्ही कराल ते बरोबर." त्या वाक्यावर खूश होऊन आम्ही पुढचा केसपेपर ओढतो. खरं तर तिथेच थांबायला हवं. "कराल ते बरोबर" म्हणणाऱ्या माणसाला विचारायची भीती वाटत असते, एवढाच बहुतेक वेळा त्याचा अर्थ.

मी एक साधी सवय लावून घेतली आहे. शेवटी विचारतो, "आता घरी गेल्यावर सूनबाईंना काय सांगाल, ते मला सांगा." "कळलं का?" असं विचारत नाही, कारण त्याला उत्तर कायम "हो" असतं. यात अर्धं मिनिट जातं. पण निम्मी चुकीची औषधं तिथेच सापडतात.

अडाणी माणसाला कळत नाही या समजुतीवर गडचिरोलीचं एक उदाहरण पुरे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने निरक्षर दायांसाठी श्वास मोजायचं साधन केलं. मिनिटभराचं वाळूचं घड्याळ आणि मणी. बाळाचे दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत ठरलेल्या मण्यापर्यंत पोचलो तर बाळाला न्यूमोनिया. ज्या बायांना दहाच्या पुढे मोजता येत नव्हतं त्या यावरून न्यूमोनिया ओळखायला लागल्या. न्यूमोनियाचं निदान शिकवता येत असेल तर गोळी जेवणाआधी की नंतर हे नक्कीच सांगता येतं.

अरे-तुरेबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. "ए मावशी, चल, जीभ काढ." मावशी साठीच्या, डॉक्टर पंचविशीचे. खेड्यात आजीला प्रेमाने "तू" म्हणतात हे मला ठाऊक आहे, मीही म्हणतो. पण तेच डॉक्टर कारमधून आलेल्या आजींना "आजी, बसा" म्हणत असतील तर ते प्रेम नव्हे. ज्याला "ए" म्हटलं तो माणूस पुढे प्रश्न विचारत नाही.

रातपाळी

सर, "घरी काय सांगाल" हे मी उद्यापासून डिस्चार्जच्या वेळी तरी विचारेन. ओपीडीत सगळ्यांना जमणार नाही, पण टीबी, शुगर आणि इन्सुलिन नव्याने सुरू झालेल्यांना नक्की. आमच्या सिस्टर हे काम आमच्यापेक्षा चांगलं करतात. इन्सुलिन कुठे टोचायचं, फ्रिज नसेल तर बाटली मातीच्या मडक्यात गारव्याला कशी ठेवायची, सगळं त्याच सांगतात. पण एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड.

बालाघाट

वकीलसाहेब, बहिणीचे कागद त्या दवाखान्याने दिलेच नाहीत. फक्त बिल आहे. मागता येतील का?

अनुच्छेद२१

येतील. २००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने कागद मागितले की ७२ तासांत द्यावे लागतात. लेखी अर्ज करा, बहिणीची सही किंवा अंगठा घ्या, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. रेकॉर्ड तीन वर्षं जपून ठेवायचं बंधन आहे, म्हणून उशीर करू नका. शिवाय २०२१ पासून महाराष्ट्रातल्या नोंदणीकृत खाजगी रुग्णालयांना रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावं लागतं. जाल तेव्हा ते लावलंय का बघा आणि फोटो काढून ठेवा. अर्जाचा मसुदा मी इथेच टाकतो रात्री.

औषधवाला

एक सुचवतो. पुडीवर लावायच्या छोट्या चिठ्ठ्या करूया. सूर्य उगवताना, डोक्यावर, चंद्र. भरलेलं ताट, रिकामं ताट. "रोज, थांबवायची नाही." "आठवड्यातून एकदा" यासाठी चित्र काय काढावं ते मला सुचत नाहीये. छपाईचा खर्च माझा, ज्याला हव्या त्या दुकानदाराने घ्याव्यात.

आंबेगावकर

चित्रं मी काढून देतो, शाळेत चित्रकला शिकवतो. आठवड्यासाठी बाजाराचं चित्र चालेल का? आमच्याकडे वार म्हणजे बाजाराचा दिवस. माणसाला विचारायचं तुमचा बाजार कधी, आणि त्या दिवशी घ्यायला सांगायचं. ते कुणी विसरत नाही.

औषधवाला

बाजार एकदम चालेल. रंग मात्र वापरू नका. पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) झेरॉक्स काढतील ती काळी-पांढरीच असेल, त्यात चंद्र आणि सूर्य वेगळे दिसले पाहिजेत. सूर्याला किरणं जाड काढा.